लाली मोजून आलात!

बसा. वह्या बंद, पेनं खाली. आज मी काही लिहून देणार नाही आणि तुम्हीही उतरवून घ्यायचं नाही. उतरवून घेण्यानंच तुमचं वाटोळं केलंय.

पेपर तपासले तुमचे. 'इन्फ्लमेशनची लक्षणं लिहा, पाच गुण.' एकजात सगळ्यांना पाचपैकी पाच द्यावे लागले. रुबर, ट्यूमर, कॅलर, डोलर, फंक्शिओ लेसा. स्पेलिंगसकट बरोबर! स्वतःच्या तालुक्याचं नाव इंग्रजीत धड न लिहिता येणाऱ्यांचं लॅटिन मात्र खणखणीत. तो गठ्ठा बाजूला ठेवून मी वॉर्डात गेले आणि सात नंबरच्या आजींचा हात हातात घेतला.

कॅन्युलापासून वर चार बोटं शीर दोरीसारखी घट्ट लागत होती. कातडी तापलेली. हात जरा वळवला की आजी कण्हत होत्या. आणि चार्टवर? सकाळ पाळी, 'साइट हेल्दी'. दुपार पाळी, 'साइट हेल्दी'. रात्रपाळी, 'साइट हेल्दी'. तिन्ही नोंदी एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या. रात्रपाळीच्या मुलीला सकाळच्या मुलीचं अक्षर कसं काय आलं, हे मी विचारणार नाही. आजी म्हणाल्या, "पोरीला सांगितलं की, ठणकतंय म्हून. ती म्हनली, सुई हाय आजी, दुखणारच."

दुखणारच! काय दिवे लावलेत. आणि जाब विचारला तेव्हा उत्तर काय आलं? "मॅडम, लाल नव्हतं."

लाल नव्हतं. अगं, त्या बाईचा रंग पाहिलास का? जन्म गेला तिचा उन्हात भांगलण्यात. तुमच्या पुस्तकातला तो गुलाबी लालीचा फोटो गोऱ्या कातडीचा आहे. आपल्या पेशंटच्या कातडीवर तीच लाली जांभळट दिसते, काळपट दिसते, कधी आजूबाजूपेक्षा जराशी गडद, आणि कधी मुळीच दिसत नाही. म्हणून हात लावायचा असतो. बोटांची मागची बाजू टेकवायची, ऊब बघायची, लगेच दुसऱ्या हाताची तीच जागा चाचपायची आणि ताडून बघायचं. मग शिरेवरून बोट वर सरकवायचं, कडकपणा लागतो का ते पाहायला. याला ना मशीन लागतं ना डॉक्टरची सही. शिरेचा दाह मोजायचा व्हिप स्कोर भिंतीवर चिकटवलाय, रोज त्याच्यासमोर उभ्या राहून गप्पा मारता. दुखणं, लाली, सूज यांतली दोन दिसली की आकडा दोन, आणि दोनलाच कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची. शीर दोरीसारखी हाताला लागली म्हणजे आकडा चार. पाचव्यात ताप येतो. त्याची वाट बघत होतात?

आता त्या पाच शब्दांचं ऐका. पहिले चार सेल्सस नावाच्या रोमन माणसानं पहिल्या शतकात लिहून ठेवले. तो वैद्य होता की नुसता विद्वान लेखक, यावरही वाद आहे. पाचवा शब्द कित्येक पुस्तकांत गॅलनच्या नावावर खपतो, पण तो जोडला एकोणिसाव्या शतकात विर्शोनं. कोण का असेना, त्यांनी निदान दिसलेलं लिहिलं. तुम्ही लिहिलेलं लिहिता. ही पाच लक्षणं म्हणजे किराणा मालाची यादी नाही. प्रत्येक लक्षणामागं एक घटना आहे. तिला कारण आहे आणि तिची वेळ ठरलेली आहे. कारण माहीत असेल तरच कळतं की अमुक ठिकाणी अमुक लक्षण दिसायला हवं होतं, मग का दिसत नाही? पाठांतराला हा प्रश्न कधीच पडत नाही.

पट्टी काढा. स्टीलची असेल तर उत्तम. तिची कड आतल्या हातावर जोरात ओढा. ओढा, मरत नाही कोणी. आता बघत राहा. आधी जिथं ओढलं तिथं रेघ, मग तिच्या दोन्ही बाजूंना पसरणारी लाली, आणि पुरेसा जोर लावला असेल तर रेघेवर उठणारा फुगवटा. लंडनच्या थॉमस लुईसनं 1920च्या दशकात हेच केलं, आणि कातडीत हिस्टामिनसारखं काहीतरी सुटत असणार असं अनुमान काढलं. तुमच्यातल्या सावळ्या मुलींना लाली दिसणारच नाही कदाचित, फुगवटा मात्र बोटाला लागेल. लागला? मग आजींच्या हाताला का नाही लागलं?

झालं काय? रक्तवाहिन्यांच्या कडेनं मास्ट पेशी बसलेल्या असतात. इजा झाली की त्या मिनिटांत हिस्टामिन सोडतात. बारीक धमन्या सैलावतात, त्या जागी रक्त वाढतं. लाली हीच आणि ऊबही हीच. म्हणजे दोन वेगवेगळे गुण घेऊन लिहिलेली ती दोन लक्षणं मुळात एकच घटना आहे. बरं, ऊब फक्त कातडीत का जाणवते, यावर एकीनं तरी विचार केला का? कातडी शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असते. आतलं गरम रक्त तिथं जास्त आलं की ती तापते. अपेंडिक्स सुजलं तरी ते आजूबाजूच्यापेक्षा गरम व्हायचं नाही, ते आधीच तेवढ्याच तापमानाला असतं. हे पुस्तकात छोट्या टायपात असतं, म्हणून तुम्ही वाचत नाही.

मग सूज. केशवाहिन्यांच्या पुढं ज्या अगदी लहान शिरा सुरू होतात, त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी आकसतात आणि मध्ये फटी पडतात. त्यांतून नुसतं पाणी नाही, प्रोटीन असलेलं प्लाझ्मा बाहेर येतं, आणि प्रोटीन बाहेर गेलं की पाणी त्याच्यामागं ओढलं जातं. हे एक्झुडेट. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचे पाय सुजतात ते प्रोटीन कमी असलेलं ट्रान्सुडेट, दाब वाढल्यामुळं पाझरलेलं. दोन्हींना तुम्ही 'स्वेलिंग प्लस' लिहून मोकळ्या होता! आणि ही गळती म्हणजे शरीराचा गाढवपणा नव्हे. त्या पाण्यातून अँटिबॉडी जातात, कॉम्प्लिमेंट जातं, फायब्रिनोजेन जातं आणि त्याचं जाळं होतं. विष पातळ होतं.

इथंच आणखी एक कानाला खडा लावा. सलाईन शिरेबाहेर गळलं तरी हात सुजतो, पण ती सूज थंड असते, कातडी ताणलेली आणि फिकट. शिरेला दाह झाला तर गरम. हात लावला तर दहा सेकंदांत फरक कळतो. नुसतं बघणारी दोन्हीकडं 'सूज' लिहिते. आणि शेक गरम द्यायचा की थंड, हे काय गळलंय त्यावर ठरतं. आपल्या मनानं गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. सलाईन बंद करायचं, इनचार्ज सिस्टरला सांगायचं.

दुखणं. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन. पहिलं नसेला चेतवतं, दुसरं तिला इतकी हळवी करून ठेवतं की एरवी न दुखणारा स्पर्शही दुखतो. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवतं, हे जॉन व्हेननं 1971मध्ये दाखवलं आणि 1982मध्ये त्याला नोबेल मिळालं, दोन स्वीडिश संशोधकांसोबत. तुम्ही डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देता ना, तेव्हा तुम्ही हेच करता. दुखणं थांबतं, पण दुखण्याचं कारण जागच्या जागी असतं. पेशंट शांत झोपला म्हणून जखम बघायची नाही, असं कोणी शिकवलं?

आणि पाचवं, काम बंद पडणं. दुखतं आणि सुजतं म्हणून माणूस तो अवयव हलवत नाही. कालच कोणीतरी आजींना 'अंगचोर' म्हणालं. नाव मला माहीत आहे. फंक्शिओ लेसाचा एक गुण तुलाच मिळाला होता.

पुढं चला. गळतीमुळं रक्त दाट होतं, त्याचा वेग मंदावतो, आणि पांढऱ्या पेशी मधली धार सोडून भिंतीकडं सरकतात. दादरला उतरणारे लोक परळ गेलं की दाराशी येऊन उभे राहतात, तसं. भिंतीवर सिलेक्टिन नावाचे रेणू उगवलेले असतात, त्यांना चिकटत-सुटत न्यूट्रोफिल घरंगळतो. मग इंटिग्रिन त्याला घट्ट धरतात, आणि तो दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. हे 1867च्या सुमारास बर्लिनमध्ये कोनहाइमनं बेडकाच्या आतड्याच्या पडद्यात सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलं. पू रक्तातून येतो, असं त्यानं सांगितलं तेव्हा तो विर्शोच्याच संस्थेत काम करत होता, आणि विर्शोचं मत वेगळं होतं. गुरूचं चुकलं तर पाहिलेलं सांगायची हिंमत लागते. तुम्हाला तर आधीच्या पाळीनं लिहिलेलं खोडायची हिंमत नाही.

न्यूट्रोफिलसारख्या पेशी पुढं करतात काय, ते मेचनिकॉफनं 1882मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला पाहिलं. स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लात त्यानं गुलाबाचे काटे टोचले. सकाळी बघतो तर फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला. 1908मध्ये त्याला एर्लिखबरोबर नोबेल मिळालं. आता मागच्या बाकावरचे दोघे वीर सांगतील, त्या काट्यावर जंतू कोणता होता?

नाही सांगता येणार. कारण जंतूचा इथं प्रश्नच नव्हता. तुम्ही सगळ्यांनी पेपरात लिहिलंय, 'इन्फ्लमेशन म्हणजे इन्फेक्शन.' सूज दिसली की अँटिबायोटिक, हा आपल्या गल्लीतल्या दवाखान्याचा न्याय. पाय मुरगळला, जंतू कुठाय? गाऊटनं अंगठा सुजला, तिथं युरिक ॲसिडचे खडे आहेत. हार्ट अटॅकनंतर मेलेल्या स्नायूत एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल भरतात, काउंट वाढतो, बारीक तापही येतो. पोटॅशियम क्लोराइडनं शीर जळते, ती रसायनानं. संसर्ग हे इन्फ्लमेशनचं एक कारण आहे, एकमेव नव्हे. मग ओळखायचं कसं? घड्याळानं.

न्यूट्रोफिल पहिल्या दिवसाचे. साधारण सहा तासांपासून चोवीस तासांपर्यंत त्यांचं राज्य. नंतर मोनोसाइट येतात, मॅक्रोफेज होतात, मेलेलं उचलतात, नवं बांधायला घेतात. म्हणून ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस टाक्यांच्या कडा जराशा फुगलेल्या, उबदार, दुखऱ्या असणार. ते बरं होणं आहे. त्यावर घाबरून धावत येऊ नका. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी व्हायचं ते वाढायला लागलं, दुखणं उतरण्याऐवजी चढलं, कडा घट्ट झाल्या, पाणी सुटलं, तर धावत या. आणि पहिल्याच दिवशी जखमेच्या दिसण्याच्या मानानं दुखणं अफाट असेल, कातडी काळीनिळी पडत असेल, तर धावतसुद्धा नको, तिथूनच ओरडा. तेव्हा तास मोजले जातात. सीआरपीचंही तेच, घड्याळ बघायचं. सीआरपी यकृतात तयार होतो, तो चढायला सहाएक तास लागतात आणि शिखर दोन दिवसांच्या आसपास. दोन तासांपूर्वी पोट दुखायला लागलेल्याचा सीआरपी नॉर्मल आला म्हणून त्याला 'नाटकी' म्हणायचं नसतं.

आता ज्यासाठी तुम्हाला बसवून ठेवलंय ते. लक्षणं दिसली तर ती वॉचमनलाही दिसतात. तुमची गरज आहे ती न दिसणाऱ्या ठिकाणी.

स्टेरॉइडवरचा पेशंट. स्टेरॉइड हे सगळं नाटक पहिल्या अंकातच पाडतं. लाली कमी, सूज कमी, ताप नाही. पोटात आतडं फुटलं तरी पोट मऊ लागू शकतं. वर गंमत अशी की काउंट मात्र वाढलेला दिसतो, कारण भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून पुन्हा धारेत येतात. म्हणजे जिथं ते हवेत तिथं जात नाहीत आणि रिपोर्टात गर्दी. साखरेचा पेशंट. नसा बधिर, पायात खिळा रुतला तरी दुखत नाही. साखर चढलेली असली की न्यूट्रोफिलही नीट काम करत नाहीत. त्याला 'पाय दुखतो का?' एवढंच विचारून पुढं जाणारी नर्स नसलेली बरी. मोजे काढायचे. तळवा बघायचा. बोटांच्या बेचक्यांत बघायचं.

केमोचा पेशंट. न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेले की पू करायला पेशीच नाहीत. पू नाही, एक्स-रे साफ, जखम कोरडी. फक्त 100.4 ताप. तुम्ही पॅरासिटामॉल देऊन 'राउंडला सांगते' म्हणणार, आणि त्या एका तासात त्याला अँटिबायोटिक जायला हवं असतं. आणि म्हातारी माणसं. त्यांना ताप येईलच असं नाही. काल नीट बोलणारे आजोबा आज सुनेला ओळखत नाहीत, कपडे फाडतात. 'वयामुळं' लिहून मोकळं होऊ नका. लघवीत बघा, छातीत बघा, पाठीवरच्या जखमेत बघा.

बरं, या सगळ्यावर कळस टीबीच्या मॅन्टू टेस्टचा. ओपीडीत कोणी वाचला? हात वर करू नकोस, मला माहीत आहे. पोरानं पट्टी लावून 22 मिलिमीटर लिहिलं. तपासायला आणलेल्या मुलाच्या आईला रडू फुटलं. मी बोट फिरवलं, घट्टपणा भरला सहा. म्हणजे तू लाली मोजून आलास! इतर ठिकाणी लाली बघायची ती बघितली नाहीत, आणि जिथं बघायची नाही तिथं पट्टी लावली. मॅन्टू 48 ते 72 तासांनी का वाचतात? कारण इथं मास्ट पेशींचा मिनिटांचा खेळ नाही. इथं टी पेशी जमायला दोन-तीन दिवस लागतात, त्या मॅक्रोफेजना बोलावून घेतात आणि कातडीत घट्ट गाठ होते. ती गाठ मोजायची, हाताच्या आडव्या दिशेनं, मिलिमीटरमध्ये. गाठ नसेल तर 'शून्य मिलिमीटर' लिहायचं, 'निगेटिव्ह' नाही. आणि दहा भरले तरी टीबीचा जंतू अंगात शिरला होता एवढंच कळतं, आजार आहे की नाही ते पुढच्या तपासण्या सांगतात. कुपोषित मुलात, एचआयव्हीत कधी कधी गाठ उठतच नाही. तिथंही तेच, न दिसणारं.

शेवटचं, आणि यावर माझा आवाज चढेल. ताप. जखमेतल्या पेशींतून आयएल वन, टीएनएफ, आयएल सिक्स रक्तात उतरतात, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन बनतं आणि तापमानाची ठरलेली पातळीच वर सरकते. पातळी वर, अंग अजून खाली, म्हणून थंडी वाजते. अशा कुडकुडणाऱ्या पेशंटला परवा तुमच्यातल्या दोघी गार पाण्यानं पुसत होत्या! तो आणखी कुडकुडणार, आणखी ऑक्सिजन जाळणार. पांघरूण घाला, औषधानं पातळी खाली येऊ द्या, मग पुसा.

आणि हीच रसायनं ताब्यात राहिली नाहीत, तर एका बोटातल्या धमन्या सैलावतात तशा सगळ्या अंगातल्या सैलावतात. एका शिरेतून गळायचं ते सगळीकडून गळतं. बीपी उतरतं, किडनी थांबते. 2016च्या व्याख्येत सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीरानं दिलेला बेताल प्रतिसाद, ज्यात अवयव बंद पडायला लागतात. जंतू मारतो त्याच्याइतकंच हे मारतं. याची पलंगाशी ओळखायची तीन चिन्हं आहेत. श्वास मिनिटाला 22 किंवा जास्त, वरचं बीपी 100 किंवा कमी, आणि माणूस गोंधळलेला. तिन्हींतली दोन आढळली तरी डॉक्टरला उठवायचं. बीपी मशीन सांगतं. गोंधळ नातेवाईक सांगतात. श्वास कोण सांगणार?

तुमचे टीपीआर चार्ट आणलेत मी. बघा. पलंग एक, श्वास 20. दोन, 20. तीन, 20. दम्याचा पेशंट, 20. उद्या घरी जाणारा, 20. आयसीयूतून आलेला, 20. सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय, भजनी मंडळ आहे जणू! या पाट्या टाकणं आजपासून बंद. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. नाडी मोजून झाली की बोटं मनगटावरच ठेवायची आणि छातीकडं बघायचं, म्हणजे पेशंटला कळत नाही. कळलं की तो श्वास बदलतो.

तू. हो, तूच, 'लाल नव्हतं' वाली. उठ. शेजारणीचं मनगट धर. अगं, तिला सांगू नकोस काय मोजतेस ते... सांगितलंस? मग सोड तिला. पलीकडचीचं धर. पूर्ण एक मिनिट. मी घड्याळ बघते.